तांबी बसवण्याआधी पाळीचा हिशोब मांडा

दुसरे मूल तीन-चार वर्षे तरी नको, रोजची गोळी लक्षात राहत नाही, आणि ऑपरेशनचे नाव इतक्यात काढायचे नाही. कुटुंब नियोजनाच्या टेबलाशी येऊन बसणाऱ्या बहुतेक जणींचे म्हणणे एवढेच असते. त्यांना तांबी, म्हणजे गर्भपिशवीत बसवायचे गर्भनिरोधक साधन, चालू शकते. तरीही आपल्याकडे ती मागे पडली आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी स्त्री नसबंदी केलेली आढळली, तांबी वापरणाऱ्या मात्र २.१ टक्केच निघाल्या. म्हणजे कायमचा उपाय भरभरून, आणि हवा तेव्हा मागे घेता येणारा उपाय नावापुरता.

समुपदेशनाच्या खुर्चीवरून मला या मागे पडण्याचे एक कारण स्पष्ट दिसते. बाईची पाळी कशी आहे हे न विचारताच तांबी बसवली जाते, मग तिसऱ्या महिन्यात ‘अंगावरून फार जाते’ म्हणून ती काढली जाते, आणि पुढची दहा वर्षे ती बाई चाळीतल्या सगळ्यांना ‘तांबी नको गं बाई’ म्हणून सांगत राहते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा पाळीला दिली आहे.

आत बसते ते काय

तांबी म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा, लवचीक प्लॅस्टिकचा छोटा तुकडा. कॉपर टी ३८०ए ही जात ३६ मिलिमीटर लांब आणि ३२ मिलिमीटर रुंद असते. तिच्यावर तांब्याची तार आणि तांब्याच्या बारीक नळ्या बसवलेल्या असतात. नावातला ३८० हा आकडा तांब्याच्या पृष्ठभागाचा आहे, चौरस मिलिमीटरमध्ये. खालच्या टोकाला नायलॉनसारखे दोन बारीक धागे असतात, ते गर्भपिशवीच्या तोंडातून थोडेसे योनीत उतरतात. तांबी जागेवर आहे ना ते याच धाग्यांवरून कळते, आणि काढतानाही हेच धागे ओढले जातात.

तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे बीज फळतच नाही. तांबी दर महिन्याला गर्भ पाडते ही समजूत चुकीची आहे. वापराच्या पहिल्या वर्षात हजारातल्या साधारण आठ जणींना तांबी असूनही दिवस जातात. रोजच्या गोळीत हाच आकडा सत्तरच्या आसपास जातो. गोळी वाईट असते म्हणून नव्हे, ती घ्यायची राहून जाते म्हणून.

सरकारी कार्यक्रमात दोन तांब्या मिळतात: ३८०ए दहा वर्षे चालते, कॉपर ३७५ पाच वर्षे. ३७५ चे हात आतल्या बाजूला वळलेले असतात. तुमच्या आई-आजीच्या पिढीत जो ‘लूप’ होता तो १९६५ साली कार्यक्रमात आलेला निव्वळ प्लॅस्टिकचा वळसा होता, त्याला तांबे नव्हतेच. आजी जे सांगते ते तिच्या लूपविषयी असते, हे ध्यानात ठेवून तिचे ऐकावे.

तिसरा प्रकार हार्मोनवाला. आकार तसाच, पण तांब्याऐवजी त्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे हार्मोन भरलेले असते, ५२ मिलिग्रॅम. ते थोडे थोडे झिरपते, पिशवीच्या तोंडाचा स्राव घट्ट करते आणि आतले अस्तर पातळ ठेवते. आपल्याकडे हा प्रकार मुख्यतः खासगी डॉक्टरांकडे बसवला जातो. किती वर्षे चालेल ते कंपनीप्रमाणे बदलते, निदान पाच वर्षे धरा.

कोणती, हे पाळी ठरवते

मागच्या तीन पाळ्या आठवा. किती दिवस जाते? दिवसाला किती पॅड लागतात? रक्ताच्या गाठी पडतात का? पहिल्या दिवशी कामावर जाता येते की गोळी घेऊन आडवे पडावे लागते? हे कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टरसमोर बसल्यावर सगळ्याजणी ‘नॉर्मलच आहे’ असे म्हणतात. आठ दिवस जाणारी पाळी लहानपणापासून तशीच असेल तर तीच नॉर्मल वाटू लागते.

तांब्याच्या तांबीने पाळी वाढते. जास्त जाते, एखाद-दोन दिवस लांबते, पोटात कळाही जास्त येतात. पहिले तीन ते सहा महिने हे जाणवते आणि बहुतेकींचे नंतर बरेच निवळते. ज्यांची पाळी मुळात तीन-चार दिवसांची आणि बेताची आहे, त्यांना हा फरक सहज झेपतो. हार्मोन नको, दूध पाजते आहे, दहा वर्षे विसरून जायचे आहे, अशांना तर हीच उत्तम.

ज्यांना मुळातच खूप जाते त्यांचे गणित वेगळे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. घणसोलीहून ठाणे गाठून, तिथून मुंबईची लोकल पकडून कामावर जाणारी, जिना चढताना धाप लागणारी बाई तांबी मागायला आली, तर आधी तिचे हिमोग्लोबिन बघायला हवे. ते कमी असेल म्हणून तांबी बाद होते असे नाही, पण लोहाच्या गोळ्या आधी सुरू व्हाव्यात आणि हार्मोनवाल्या प्रकाराचा विचार तरी व्हावा. कारण त्याचे काम नेमके उलटे चालते: सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग पडत राहतात, ते वैतागवाणे असते, पण पुढे पाळी कमी कमी होत जाते. वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची पाळी थांबतेच. रक्त आत साचते म्हणून ती थांबत नाही, अस्तरच वाढत नाही म्हणून थांबते. पण दर महिन्याला पाळी आली नाही की जिचा जीव टांगणीला लागतो, तिने हा मुद्दा घेण्याआधी शांतपणे विचारात घ्यावा.

जाता जाता एक सांगते, गर्भनिरोधाच्या पलीकडचे. चाळिशीत खूप रक्त जाते म्हणून ज्यांना थेट पिशवी काढायचा सल्ला मिळाला आहे, त्यांनी हार्मोनवाल्या तांबीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. गाठ किंवा दुसरा आजार नसेल तर ती जास्त रक्तस्रावावरचा मान्य उपचार आहे.

कोणी थांबायचे

दिवस गेल्याची शंका असेल, तर आधी तपासणी. पाळी सोडून मधेच रक्त जाते आणि कारण सापडलेले नाही, ओटीपोटात सध्या जंतुसंसर्ग आहे, वास येणारा किंवा पिवळा-हिरवा स्राव जातो, गाठींमुळे पिशवीची पोकळी वेडीवाकडी झाली आहे, गर्भाशयाचा किंवा त्याच्या मुखाचा कर्करोग आहे, तर तांबी बसवत नाहीत. यातली काही कारणे तात्पुरती असतात. संसर्ग बरा करून घेतला की पुन्हा विचार करता येतो. तांब्याची ॲलर्जी किंवा विल्सनचा आजार (शरीरात तांबे साचत जाणे) असेल तर तांब्याची नको, आणि स्तनाचा कर्करोग असेल किंवा होऊन गेला असेल तर हार्मोनवाली नको.

मूल झालेले नसणे ही अडचण नव्हे. लग्न झालेले नसणे तर वैद्यकीय कारणच नव्हे. ऐरोलीत पीजीत राहणाऱ्या मुलीने तांबी मागितली तर तिला ती वैद्यकीयदृष्ट्या बसवता येते. मूल न झालेल्या पिशवीचे तोंड घट्ट असल्यामुळे बसवताना जरा जास्त दुखते, इतकाच फरक. खोचक प्रश्न विचारले गेले, तर दुसरा डॉक्टर गाठावा. वाशी-नेरुळमध्ये डॉक्टरांची वानवा नाही.

सही कोणाची? तुमची. नवऱ्याशी बोलावे हे उत्तमच, पण त्याच्या परवानगीवाचून हे अडत नाही.

आणि तांबी गुप्तरोगांपासून किंवा एचआयव्हीपासून वाचवत नाही. तिथे निरोधच लागतो.

ठाण्यात, नवी मुंबईत कुठे

सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत तांबी आणि ती बसवणे दोन्ही मोफत. सगळ्यात जवळचे ठिकाण म्हणजे तुमच्या वॉर्डातले नागरी आरोग्य केंद्र. तिथे सगळे दिवस सोय असेलच असे नाही, म्हणून आशाताईला किंवा तिथल्या सिस्टरला वार विचारून मगच जा. मोठ्या ठिकाणी जायचे तर ठाण्यात सिव्हिल, म्हणजे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय, आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. नवी मुंबईत महापालिकेची वाशी, नेरुळ आणि ऐरोलीची रुग्णालये, पनवेलकरांना उपजिल्हा रुग्णालय. केस पेपर सकाळीच काढावा लागतो. स्त्रीरोग ओपीडी कुठल्या इमारतीत आणि किती वाजेपर्यंत, हे आदल्या दिवशी विचारून ठेवले तर एक हेलपाटा वाचतो.

खासगीत तांब्याची तांबी स्वतः फार महाग नसते, पण तिच्याभोवती डॉक्टरची फी, सोनोग्राफी आणि पुढची तपासणी जमा होत जाते. हार्मोनवाली वस्तूच काही हजारांची. फोनवर ‘किती घेता’ एवढेच न विचारता ‘बसवण्यापासून पहिल्या तपासणीपर्यंत एकूण किती’ असे विचारा.

बाळंतपणातच बसवायची असेल तर

वार (प्लॅसेंटा) पडल्यावर दहा मिनिटांत, किंवा बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, किंवा सिझर चालू असतानाच तांबी बसवता येते. हे चुकले तर मग सहा आठवडे थांबायचे. बाळंतपणातच बसवली तर वेगळे दुखणे नसते, बाळ घेऊन पुन्हा ओपीडीत रांग लावावी लागत नाही, आणि दूध पाजायला काहीच अडचण येत नाही. तोटा हा, की अशा वेळी बसवलेली तांबी आपोआप निसटून पडण्याचे प्रमाण नंतर बसवलेलीपेक्षा जास्त असते. म्हणून सहा आठवड्यांची तपासणी चुकवायची नाही.

याची संमती गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळीच द्यायची असते, कळा चालू असताना नव्हे. कळा देणारी बाई कशालाही हो म्हणते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, मग बाळंतीण साताऱ्याहून किंवा जळगावहून तीन महिन्यांनी ठाण्याला परतते आणि आपल्याला काय बसवले ते तिला नीट ठाऊक नसते. डिस्चार्ज कार्डावर ‘पीपीआययूसीडी’ असे लिहिलेले दिसले तर तांबी बसवलेली आहे. कार्ड माहेरी राहिले असेल तर फोटो मागवून घ्या. धागे सुरुवातीला हाताला लागत नाहीत, ते हळूहळू खाली उतरतात, त्यामुळे तेवढ्यावरून तांबी हरवली असे धरू नका.

बसवायचा दिवस

पाळीच्या पहिल्या बारा दिवसांत बसवणे सोयीचे, कारण दिवस गेलेले नाहीत याची खात्री असते. ती खात्री दुसऱ्या मार्गाने झाली तर महिन्यातला कुठलाही दिवस चालतो. निरोध फाटला, काहीच वापरले नाही, अशा संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांब्याची तांबी बसवली तर ती तातडीचा उपाय म्हणूनही काम करते, औषधाच्या दुकानातल्या गोळीपेक्षा पक्के.

उपाशी जाऊ नका. नाश्ता करा, आणि डॉक्टरांना आधी विचारून, त्यांनी सुचवलेली वेदनाशामक गोळी अर्धा-एक तास आधी घ्या. पोटात अल्सर असेल किंवा एखादी गोळी मानवत नसेल तर ते सांगा. सैल कपडे, एक-दोन पॅड आणि सोबतीला कुणीतरी. घोडबंदर रोडवर राहत असाल तर परतीची रिक्षा खड्ड्यांतून हळू चालवायला सांगा, बाकी काळजी नाही.

आत काय होते ते आधी माहीत असले की अंग आखडत नाही. डॉक्टर आधी बोटांनी तपासून पिशवी कुठे झुकली आहे ते पाहतात. मग योनीत उपकरण घालून पिशवीचे तोंड दिसेल असे करतात आणि ते जंतुनाशकाने पुसतात. तोंड एका चिमट्याने धरले जाते, तिथे एक कळ येते. बारीक सळईने पिशवीची खोली मोजली जाते, तिथे दुसरी. मग नळीतून तांबी आत सोडली जाते, तिसरी. धागे सुमारे तीन सेंटिमीटर ठेवून कापतात. सगळे मिळून पाच-दहा मिनिटे. पाळीच्या तिडकीसारखे दुखते. कुणाला फारसे जाणवत नाही, कुणाला घाम फुटून चक्कर येते. ‘एवढेसे तर आहे’ असे कोणी म्हटले तरी दुखत असेल तर थांबा म्हणा. भूल देऊन बधिर करण्याची सोय आहे का, हे आधीच विचारता येते. झाल्यावर लगेच उठू नका, थोडा वेळ पडून राहा.

पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. पाकिटावर जी तारीख असते ती पाकीट निर्जंतुक राहण्याची मुदत. तांबीची दहा किंवा पाच वर्षे ती बसवल्या दिवसापासून मोजायची. या दोन तारखांचा घोळ करून धडधाकट तांबी दोन वर्षांत काढायला आलेल्या बायका असतात. तांबे पाकिटात काळपट पडलेले दिसले तरी ते चालते. निघताना कार्ड घ्या: प्रकार, बसवल्याची तारीख, काढायची तारीख. त्याचा फोटो मोबाइलमध्ये, आणि कॅलेंडरमध्ये काढायच्या वर्षाची नोंद.

तांब्याची त्याच क्षणापासून काम करते. हार्मोनवाली पाळीच्या पहिल्या सात दिवसांत बसवली नसेल तर पुढचे सात दिवस निरोध वापरा.

पहिले तीन महिने

याच काळात धीर सुटतो, आणि जे काय बिघडायचे तेही बहुधा याच काळात बिघडते. दोघांतला फरक कळायला हवा.

पहिले काही दिवस पोटात बारीक दुखणे, डाग पडणे, पुढच्या दोन-तीन पाळ्या जड जाणे हे अपेक्षित आहे. त्यावर डॉक्टर वेदनाशामक किंवा रक्तस्राव कमी करणारी गोळी देतात. ती मागून घ्या, सोसत बसू नका. लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. पहिल्या पाळीनंतर किंवा चार ते सहा आठवड्यांनी तपासणी करून घ्या.

पाळी संपली की हात स्वच्छ धुऊन, उकिडवे बसून, मधल्या बोटाने धागे लागतात का ते पाहायचे. ओढायचे नाहीत. धागे अचानक लांब लागले, टणक टोक हाताला आले किंवा धागे लागलेच नाहीत, तर तांबी सरकलेली किंवा पडलेली असू शकते. दर वीस बायकांमागे साधारण एकीची तांबी पडते, बहुतेकदा पहिल्या वर्षात आणि पाळीच्या दिवसांत. तपासणी होईपर्यंत निरोध वापरा. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर तो ओढण्याआधी कडा दाबून आतली हवा सोडा, नाहीतर धागाही सोबत ओढला जाऊ शकतो.

थांबायचे नाही असे प्रसंग: ताप आणि ओटीपोटात जोराचे दुखणे, घाण वासाचा स्राव, दर तासाला पॅड भिजेल एवढे रक्त, आणि तांब्याची तांबी असताना पाळी चुकणे. संसर्गाचा धोका बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत जास्त असतो. तांबी पिशवीच्या भिंतीतून आरपार जाणे हजारात एखादीच्या वाट्याला येते. ‘तांबी छातीत चढते’ ही भीती इथूनच मोठी होत गेली असावी. भिंत भेदून गेलीच तर ती पोटाच्या पोकळीत सापडते, हृदयात जात नाही.

तांबी असताना दिवस गेले तर त्याच दिवशी सोनोग्राफी, कारण अशा वेळी गर्भ पिशवीबाहेर, नळीत असण्याची शक्यता जास्त असते. गर्भ पिशवीत असेल आणि मूल नको असेल, तर गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हे कायद्याने गर्भपाताचे मान्य कारण आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर हे अविवाहित स्त्रीलाही लागू आहे.

नवऱ्याला धागा टोचतो अशी तक्रार कधी कधी येते. फार आखूड कापलेला धागा ताठ राहून टोचतो. डॉक्टर तो आणखी कापून तोंडाच्या आत घालवू शकतात. एमआरआय करायची वेळ आली तर तंत्रज्ञाला तांबी आहे एवढे आधी सांगा. त्यासाठी ती सहसा काढावी लागत नाही.

काढणे

मुदत संपण्याची वाट पाहायची गरज नाही. मूल हवे झाले, त्रास सहन होत नाही, किंवा नकोशीच वाटते, कारण कोणतेही चालते. डॉक्टर ‘अजून थोडे थांबा’ म्हणू शकतात, नाही म्हणू शकत नाहीत. धागे धरून सावकाश ओढले की हात मिटून तांबी बाहेर येते, बसवण्यापेक्षा पुष्कळ सोपे. त्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात. मूल नको असेल तर काढण्याआधीचे सात दिवस संबंध टाळा किंवा निरोध वापरा. मुदत संपल्यामुळे काढत असाल तर त्याच बैठकीत नवी बसवून घेता येते. स्वतः ओढून काढायचा प्रयत्न मात्र नको.

धागे दिसत नसतील तर सोनोग्राफी करून जागा पाहतात आणि बारीक उपकरणाने, क्वचित दुर्बिणीने, तांबी काढतात.

घरातल्या मोठ्या बायकांनाही एकदा विचारा. पहिल्या मुलानंतर बसवलेली तांबी पुढे कुणी काढलीच नाही, पाळी जाऊन दहा वर्षे झाली, अशी सासूबाई किंवा मावशी बऱ्याच घरांत निघते. पाळी कायमची गेल्यानंतर तांबी काढून टाकायला हवी, कारण पिशवी आकसत जाते आणि काढणे अवघड होत जाते. त्यांना आठवत नसेल तर पोटाच्या साध्या एक्स-रेतही तांबी दिसते. कागदपत्र काहीच नसले तरी चालते, केस पेपरवर ‘जुनी तांबी असण्याची शंका’ एवढे लिहून घ्या.